उशाकडची पट्टी

मित्रांनो, गादीचे आयुष्य साधे असते. ती बनते, घरी येते, माणसे तिच्यावर झोपतात आणि हळूहळू ती जुनी होते. माझ्या वाट्याला हे सगळे उलट्या क्रमाने आले. मी दोनदा समुद्र ओलांडला, माझा एक कोपरा कात्रीने कापला गेला, एका चौकशीत मला साक्षीला ठेवले, आणि तोवर माझ्यावर एकही माणूस झोपलेला नव्हता. जुनी मी आधी झाले, गादी नंतर.

माझा जन्म थायलंडच्या दक्षिणेकडच्या त्रांग प्रांतातला. गावाचे नाव सांगून उपयोग नाही, नकाशात ते सापडत नाही. गावाभोवती रबराची झाडे ओळीने उभी आहेत. झाडाच्या सालीवर तिरपी खाच पाडली की पांढरा चीक पाझरतो आणि खाली बांधलेल्या वाटीत जमतो. हे काम उजाडायच्या आत करावे लागते, कारण ऊन चढले की धार आटते. गावात त्या चिकाला दूधच म्हणतात, आणि ते फारसे चुकीचे नाही. दुधात लोण्याचे कण असतात तसे त्याच्यात रबराचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. तो तसाच ठेवला तर नासतो आणि त्याचे गोळे होतात. म्हणून बादलीत थोडा अमोनिया घालायचा. त्याच्या वासाने डोळ्यांतून पाणी येते. माझी पहिली आठवण तोच वास आहे.

पूर्वी गावातले लोक हे दूध दलालाला विकत. तो म्हणेल तो भाव. मग त्यांनी सहकारी संस्था काढली, भांडवल गोळा केले, आणि एक लहानसा कारखाना उभारला. तिथे चीक घट्ट करतात, त्यात साबण आणि गंधक घालून घुसळतात. अंड्याचा पांढरा भाग फेसल्यावर फुगतो तसा तो फुगतो. तो फेस ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून, झाकण लावून, वाफेत शिजवतात. गंधक रबराच्या लांबलांब साखळ्यांना एकमेकींशी बांधते, आणि जो क्षणभराचा फेस होता तो कायमचा होतो. म्हणजे पाहा, माझ्यात रबर थोडे आणि हवा जास्त आहे. पण ती हवा धरून ठेवणारे ते थोडेसे रबरच मी आहे.

साच्याच्या झाकणाला आतून खुंट्या असतात, त्यांची माझ्या अंगात भोके उमटतात. खांद्याच्या जागी खुंट्या जाड असतात. तिथे भोके मोठी पडतात आणि तेवढा भाग मऊ होतो. त्यामुळे माझे उसे कुठले आणि पायथा कुठला हे माझ्या जन्माबरोबरच ठरले. ही गोष्ट लक्षात ठेवा, माझी पुढची सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे.

मला साच्यातून काढणाऱ्या बाईचे नाव उराय. पन्नाशी उलटलेली, कमी बोलणारी, साचेघराची प्रमुख. गरम गादी साच्याला चिकटलेली असते, घाई केली की कड फाटते. उराय कडेखाली तळहात सरकवायची, जरा थांबायची, आणि मग सगळी गादी एकाच लयीत सोलून काढायची. सकाळी साचे आणि दुपारी शिवणयंत्र, असा त्या बायकांचा दिवस होता. त्या शिवणघरात तिच्या शेजारी सोय बसायची. उराय जितकी गप्प तितकी सोय बोलकी.

उरायचा नवरा च्युआ झाडे खरवडायचा. सकाळी दुधाच्या बादल्या घेऊन यायचा तेव्हा हमखास साचेघराच्या दारात थांबायचा. आज झाडे रुसली होती, तुझे नाव सांगितले तेव्हा कुठे पाझरली, असे काहीतरी तो म्हणायचा. माझे नाव सांगण्यापेक्षा खाचा नीट पाडा, असे ती म्हणायची, आणि बादली उचलून आत न्यायची. गंमत म्हणजे गावात कुणाच्याच घरी गादी नव्हती. सगळे लाकडी जमिनीवर चटई अंथरून झोपत. मऊ झोपले की कंबर आळशी होते, असे च्युआचे मत होते. हे सांगताना तो स्वतःच्या कंबरेवर हात ठेवत असे, कारण खाली वाकून झाडे खरवडण्यात त्याची कंबर कधीच गेली होती.

मी वाळून तयार झाले त्या सुमाराला वाईट बातमी आली. कारखान्याचा कारभार थवत नावाचा तरुण पाहायचा. इंग्रजी येते म्हणून सभासदांनी त्याला निवडले होते. एके दिवशी बायका भात आणि आंबट रस्सा घेऊन जेवायला बसल्या असताना तो तिथे आला, आणि न जेवता बोलू लागला. आमच्या गाद्या समुद्रापलीकडच्या ज्या देशात जात, त्या देशाने बाहेरून येणाऱ्या फोम रबराच्या आणि प्लास्टिकच्या मालावर शुल्क वाढवायचे ठरवले होते. सोयने विचारले, आपण प्लास्टिकवाले कधी झालो? थवतने समजावले की त्यांच्या शुल्काच्या पुस्तकात फोम रबर आणि फोम प्लास्टिक एकाच ओळीत लिहिलेले आहे. झाडाच्या चिकाची गादी असो की खनिज तेलापासून फुगवलेली, ओळ तीच आणि शुल्कही तेच.

"म्हणजे नारळाचं दूध आणि चुन्याचं पाणी एकाच भावात," सोय म्हणाली. "पांढरं दिसलं की झालं."

कुणी फारसे हसले नाही. थवतने पुढचे सांगितले. नवे शुल्क एका ठरलेल्या तारखेपासून लागू होणार होते. त्याआधी आमचा कंटेनर तिथल्या कस्टममधून सुटला, तर ग्राहक जुन्या भावात माल घेणार आणि पुढच्या वर्षाचे कामही देणार. नाही सुटला, तर साचेघराला काम उरणार नाही, आणि सभासदांचे दूध पुन्हा दलालाच्या टाकीत जाईल. बायकांनी जेवणाचे डबे झाकले आणि उठल्या.

त्यानंतरची धावपळ मी शिवणघरातल्या फळीवरून पाहिली. साचे थंड होत नव्हते. च्युआ आणि इतर माणसे एरवी ज्यांना विश्रांती देत त्या झाडांचेही दूध आणत होती. ग्राहकाकडून पट्ट्यांचा खोका आला. बोटाएवढी पांढरी कापडी पट्टी, तिच्यावर इंग्रजी अक्षरांत थायलंडचे नाव आणि शेजारी आमचा लाल, पांढरा, निळा झेंडा. माल कुठल्या देशाचा हे दिसल्याशिवाय ग्राहकाच्या देशात काही आत घेत नाहीत. पट्टी कुठे लावायची हे दाखवणारे एक चित्रही आले होते. त्यात गादीच्या अरुंद बाजूच्या मधोमध एक बाण होता.

सोयने ते चित्र माझ्यावर ठेवले आणि इकडून तिकडून फिरवून पाहिले. मग तिने उरायला हाक मारली.

"ताई, हा बाण पायथ्याकडे आहे."

उराय आली. तिने माझी खांद्याकडची भोके चाचपली, चित्र पाहिले, पुन्हा भोके चाचपली. "हो, पायथ्याकडेच दिसतोय."

"पट्टीवर झेंडा आहे."

"तेच म्हणते मी. काढणाऱ्याला उसं-पायथं कळलं नसेल. कागदावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात."

मित्रांनो, आमच्याकडे डोके हा माणसाचा सगळ्यांत वरचा भाग, आणि तो केवळ उंचीने नव्हे. लहान मुलाच्या डोक्यालाही कुणी उगाच हात लावत नाही. उशीवर कुणी बसत नाही, झोपलेल्या माणसाला कुणी ओलांडत नाही. आणि पाय म्हणजे पाय. देशाचे नाव आणि झेंडा कुणाच्या तरी पायाशी शिवून पाठवायचा, हे त्या खोलीतल्या एकाही बाईच्या मनात येणे शक्य नव्हते. कुणीतरी तसे सांगेल हेही त्यांना शक्य वाटले नाही. म्हणून त्यांनी मधला सरळ अर्थ घेतला, की चित्र चुकले आहे.

थवतला विचारावे का, असे सोयने एकदा म्हटले. पण तो सोंगखलाच्या बंदरात कागदपत्रांच्या मागे होता. एवढ्याशा गोष्टीसाठी फोन केला, तर या बायकांना गादीवर कोणत्या बाजूला डोकं ठेवायचं तेही कळत नाही असे तो म्हणेल, असे उराय म्हणाली. मग तिने माझे उसे यंत्राखाली घेतले. पट्टीच्या चारही कडांना बारीक टाके घातले. झाल्यावर बोटाने एकदा पट्टी सपाट केली आणि पुढची गादी ओढली. परदेशी माणसाची एक चूक आपण न बोलता सावरून घेतली, असे तिला वाटले असावे. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते.

आता त्या चित्रामागचे कारण सांगते. गाद्या सपाट पाठवत नाहीत. पिशवीत घालून आतली हवा ओढून घेतात आणि पापडासारखी झालेली गादी गुंडाळतात. गुंडाळायला उशाकडून सुरुवात करतात, म्हणजे पायथा शेवटी बाहेर राहतो. पट्टी पायथ्याला असेल तर पारदर्शक पिशवीतून ती बाहेरूनच वाचता येते. हे चित्र काढणाऱ्याला ठाऊक होते. पण शिवणाऱ्यांना ते कुणी सांगितले नव्हते, आणि गुंडाळणारे लोक पलीकडच्या छपरात होते. पिशवीत घालण्याआधी थवतने स्वतः माझ्यावरून हात फिरवला. उशाला पट्टी पाहून त्याने मान डोलावली. त्यालाही ती तिथेच शोभली.

मग माझ्यातली हवा गेली, आणि माझी पट्टी गुंडाळीच्या अगदी आत, सगळ्यांत खोल जागी गेली.

समुद्रावरचे दिवस मला सांगता येणार नाहीत, कारण अंधारात दिवस कळत नाही. रबराची एक खोड आहे. दाबले तरी ते आपला आकार विसरत नाही. मात्र फार काळ दाबून ठेवले तर तेही थोडेथोडे विसरू लागते. मला त्याचीच भीती वाटत होती.

पलीकडच्या बंदरात दार उघडले. एका माणसाने बॅटरीच्या उजेडात गुंडाळ्या फिरवून पाहिल्या. एकीवरही देशाचे नाव दिसत नव्हते. त्या दिवसांत तिथे सगळेच साशंक होते. एखाद्या देशावर जबर शुल्क बसले की तिथला माल व्यापारी दुसऱ्या देशातून फिरवून, दुसऱ्याच नावाने आणत. आमच्याकडे पाहून त्या माणसाला तेच वाटले असणार. कंटेनरला नवे सील लागले आणि आम्हाला एका बाजूला उभे केले. आम्ही तिथे उभ्या असतानाच ती तारीख आमच्या डोक्यावरून निघून गेली.

पुढे काही गुंडाळ्या फोडल्या, त्यांत मी होते. पिशवीला चीर पडताच माझ्यात हवा शिरली आणि मी एक श्वास घेतल्यासारखी उलगडले. तेव्हा त्यांना माझ्या उशाशी पट्टी दिसली. त्यांनी एकमेकांना बोलावून ती दाखवली. मला त्यांची भाषा येत नाही, पण कुणी आपल्यावर संशय घेते आहे हे कळायला भाषा लागत नाही. नाव दिसेल असे न लावता आत दडवले आहे, असा त्यांनी अर्थ काढला. त्यांनी तपासणीसाठी माझ्या पायथ्याचा एक कोपरा कापून घेतला. ग्राहकाने माल नाकारला. माझ्या बहिणी तिथल्या गोदामात पडून राहिल्या आणि शेवटी कवडीमोलाने गेल्या. मला मात्र परत पाठवले. ही गादी खरोखर तुमच्याकडे बनली का, की दुसऱ्याची आणून आत पट्टी शिवलीत, हे तपासून कळवा, असे त्यांनी आमच्या सरकारला सांगितले होते.

मी गावात परतले तेव्हा साचेघरात वाफ नव्हती. उशांचे दोनचार साचे तेवढे चालू होते. मधल्या काळात काय झाले ते सोयच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले की मी तिथेच होते असे मला वाटते. ग्राहकाचा निरोप वाचून थवत तडक शिवणघरात आला होता. पट्टी कुठे शिवली, असे त्याने विचारले. उशाला, असे उरायने सांगितले. चित्र पाहिले नव्हते का? पाहिले होते, ते चुकले होते. थवत स्टुलावर बसला. त्याला ओरडायचे असणार, पण त्याने ते चित्र पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाला, "मीही हात फिरवला होता, मावशी. मलाही काही खटकलं नाही." उरायला तो ओरडला असता तर बरे वाटले असते, असे सोय म्हणते.

गावात बोलणी सुरू झाली. कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणाले की थवतने परक्या देशाच्या स्वस्त गाद्या आणून भरल्या असतील, उगाच का कुणी माल अडवतो. च्युआ तिथे रोज सकाळी दूध घातल्यावर बसायचा. त्या दिवसापासून त्याने जाणे सोडले. त्याच्या झाडांच्या दुधाला कुणी खोटे म्हटले होते. त्यावर त्याला थट्टा सुचली नाही, आणि थट्टा सुचली नाही म्हणजे तो आजारी आहे असे बायकोला वाटले.

अखेर बँकॉकहून चौकशीसाठी एक बाई आल्या. विपावी मॅडम. रबर तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्या पूर्वी काम करत होत्या. चौकशीत कारखाना दोषी ठरला तर निर्यातीचा परवाना जाणार होता, म्हणजे उशाही बंद, कारखानाही बंद. हे सगळ्यांना ठाऊक होते. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. च्युआही आला होता, दाराबाहेरच थांबला.

मॅडमनी मला माझ्याच साच्यात ठेवायला सांगितले. मी साच्यात सैल बसले. थवतचा चेहरा पडला. पण मॅडम म्हणाल्या, वाळताना रबर आकसते, तेवढा फरक राहणारच. त्यांनी झाकणाच्या खुंट्या एकेक करून पाहिल्या. खांद्याच्या ओळीत एक खुंटी थोडी कललेली होती. माझ्या खांद्यातले एक भोकही तसेच कललेले होते. त्यांनी त्यात पेन्सिल घालून पाहिली, फळीवर उरलेल्या दुसऱ्या एका गादीतही घालून पाहिली. दोन्हीकडे पेन्सिल एकाच बाजूला झुकली.

"गादी इथलीच आहे," त्या म्हणाल्या. भिंतीजवळ कुणीतरी श्वास सोडला. "पण मग पट्टी का लपवली?"

"लपवली नाही," उराय म्हणाली. "उशाला शिवली."

"चित्रात पायथ्याला दाखवली होती."

"हो. मला वाटलं, त्यांचं चुकलंय."

मॅडमनी माझ्या उशाशी असलेल्या पट्टीकडे पाहिले. तिथला झेंडा पाहिला. मग पायथ्याकडे, जिथे पट्टी असायला हवी होती, तिथे पाहिले. त्या हसल्या नाहीत. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी आपले पाय नकळत मागे ओढून घेतले, गादीपासून दूर. ते सगळ्यांनी पाहिले. त्या खोलीतल्या एकूण एक माणसाला उरायने काय केले आणि का केले ते कळले होते. आणखी एक शब्द बोलायची गरज नव्हती.

"आता हे मी इंग्रजीत कसं लिहू?" त्या हळूच म्हणाल्या.

थवतने सुचवले, रिवाज म्हणून लिहा. त्यांनी मान हलवली. रिवाज लिहिला तर ते विचारतील, कुठे नोंदलेला आहे, दाखवा. असे कुठेही नोंदलेले नाही. जे सगळ्यांना माहीत असते ते कोण नोंदवून ठेवते? आणि अहवालाच्या छापील कागदावर कारणाच्या जागी दोनच चौकटी होत्या. हेतुपुरस्सर लपवले, किंवा कामगाराची चूक. तिसरी चौकट नव्हती.

उरायने विचारले, "चूक म्हटलं तर कारखाना वाचेल?"

"फसवणुकीतून सुटेल. परवाना राहील. शुल्क वाढलंय ते मात्र वाढलंच."

मित्रांनो, आयुष्यभर उरायच्या हातून एक कड फाटली नव्हती. आणि जे तिने मनापासून बरोबर म्हणून केले होते, त्यालाच चूक म्हणून तिला सही करायची होती. तिच्याकडे पाहण्याचे धाडस कुणाला होत नव्हते. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

"मग चूक लिहा," ती म्हणाली. "पण माझं नाव घाला. बाकीच्यांचं नको."

"वा," सोय म्हणाली, "आणि आम्ही काय तेव्हा हाताची घडी घालून बसलो होतो? निम्म्या पट्ट्या माझ्या आहेत. माझंही नाव घाला, मॅडम."

मग मागून तिसरी बाई पुढे आली, मग चौथी. थवतने आपलेही नाव घालायला सांगितले. दाराबाहेरून च्युआ म्हणाला की पाहिजे तर झाडांचीही नावे घाला. विपावी मॅडमनी सांगितले की नावाला जागा एकच आहे. उरायने सही केली. अक्षर नेहमीसारखेच सरळ आले, पण पेन खाली ठेवल्यावर तिने दोन्ही हात बराच वेळ साच्याच्या कडेवर टेकवून ठेवले. साचा थंड होता.

कारखाना वाचला, असे म्हणतात. परवाना राहिला. पण तो ग्राहक कमी शुल्क असलेल्या दुसऱ्या देशाकडे वळला. मोठ्या गाद्यांचे बहुतेक साचे भंगारात गेले. दूध पुन्हा दलालाच्या टाकीत जाऊ लागले. गावातल्या दोन बागांत रबराची झाडे तोडून तेलताडाची रोपे लावली आहेत. च्युआ अजून आपली झाडे ठेवून आहे. अजून किती वर्षे, असे कुणी विचारले तर तो झाडाकडे बोट दाखवून, यालाच विचारा, म्हणतो. पण हल्ली तो हे हसत म्हणत नाही.

मधे एकदा दुसऱ्या एका ग्राहकाचे लहानसे काम आले. त्याच्याही चित्रात बाण पायथ्याकडेच होता. त्या दिवशी उराय यंत्रावर बसली नाही, डोके दुखते म्हणून घरी गेली. दुसऱ्या दिवशी मात्र आली. सोय म्हणाली, ताई, मी शिवते, तू उशा बघ. उरायने ऐकले नाही. तिने पहिली गादी घेतली, पट्टी पायथ्याला ठेवली, आणि सुई खाली सोडण्याआधी हात जोडून डोके लववले. ओठ हलले. मग टाके घातले, तसेच बारीक, चारही कडांना. प्रत्येक गादीला तिने असे केले. काम त्यामुळे सावकाश झाले, पण थवतने तिला घाई केली नाही.

आणि मी? कोपरा कापलेली गादी कोण विकत घेणार? काही काळ मी साचेघरात भिंतीला उभी होते. मग थवतने मला च्युआच्या घरी पाठवले, त्याच्या कंबरेसाठी. च्युआने मला पाहून हात जोडले. परदेश फिरून आलेल्या पाहुणीवर झोपायला पासपोर्ट लागेल का, असे त्याने विचारले. कितीतरी दिवसांनी त्याला थट्टा सुचली होती. उरायने खिडकीजवळ चटई पसरली आणि तिच्यावर मला अंथरले. झाडे खरवडून आलेला माणूस दिवसा उजेडी झोपतो. तो आंघोळ करून आला, जपून बसला, आणि आडवा झाला. माझ्यावर झोपलेला तो पहिला माणूस. त्याचे डोके माझ्या मऊ खांद्याच्या जरा वर टेकले, पट्टीच्या अगदी शेजारी. त्याने मान वळवून ती पाहिली.

"ही चूक म्हणायची?"

"कागदावर," उराय म्हणाली.

"आणि इथे?"

तिने वाकून पट्टीची मुडपलेली कड बोटाने सपाट केली आणि खिडकीचा पडदा ओढला.

त्यालाही आता वर्षे झाली. उन्हाने आणि हवेने रबर हळूहळू पिवळे पडते, मग चुरते. माझी कड चुरायला लागली आहे. च्युआ उठताना अजूनही कंबरेवर हात ठेवतो. खिडकीतून दिसणारी झाडे पुढच्या वर्षी असतील की नाही, याची चर्चा ही दोघे माझ्यासमोरच करतात, आणि मधेच थांबतात.

मित्रांनो, तुमच्या घरी रबराची गादी असेल तर तिला थेट उन्हात टाकू नका, घडी घालून ठेवू नका, अधूनमधून वारा लागू द्या. एवढे केले तरी ती पुष्कळ टिकते. आणि आज झोपण्याआधी एक काम करा. तिच्या पायथ्याशी वाकून पाहा. तिथे एखादी छोटी पट्टी शिवलेली असेल, तिच्यावर एखाद्या दूरच्या देशाचे नाव असेल. ते नाव तिथे असावे असा नियम आहे, त्याला तुमचा इलाज नाही आणि माझाही नाही. पण कुणीतरी सुई खाली सोडण्याआधी त्या नावाची माफी मागितली असेल. तेवढे लक्षात ठेवून पाय पसरा.